आई पोचेपर्यंत

आमच्या घरात कामाचा एकच नियम होता. आई पोचल्याशिवाय मजकूर पाठवायचा नाही.

पोचायचं कुठे, तर एका डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर परक्या देशातला, लांबचा, बर्फाचा. आमच्यापैकी कुणी तो पाहिलेला नाही. त्या डोंगरावर बर्फावरून घसरायला लोक येतात. तिथले उतार, वर नेणारे पाळणे, तिकिटं, सूचना यांची सगळी माहिती मुळात फ्रेंच. अप्पा ती इंग्रजीत करायचे. दर वर्षी उन्हाळा सरला की मजकूर यायचा आणि थंडी पडायच्या आत परत जायचा. थंडी म्हणजे तिकडची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायांवर चादर ओढायची, एवढीच.

इंग्रजी तयार झालं की आई पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसायची आणि डोळे मिटायची. अप्पा वाचायला लागायचे. आई मनातल्या मनात पायांना लांब पट्ट्या बांधायची, तिकीट दाखवून पाळण्यात बसायची, वर जायची आणि अप्पांच्या वाक्यांच्या आधाराने खाली घसरत यायची. कुठे अडखळली तर हात वर करायची. मग ते वाक्य दुरुस्त व्हायचं आणि ती पुन्हा तिथूनच सुटायची. तळाशी आली की डोळे उघडून म्हणायची, "पोचले." मग संगणकासमोर बसलेली मी बटण दाबायची.

अप्पा कॉलेजात फ्रेंच शिकवायचे. तिथल्या एका जुन्या विद्यार्थिनीने हे काम त्यांना मिळवून दिलं होतं. आईला फ्रेंचचा गंध नव्हता. इंग्रजी तिला यायचं ते पोस्टाच्या काउंटरवर जन्म काढल्यामुळे, कामापुरतं. "पाहुण्यालाही कामापुरतंच येतं," अप्पा म्हणायचे. "तिला कळलं की जगाला कळलं." हे कौतुक होतं की टोमणा, ते आईने कधी विचारलं नाही. मीही नाही.

पहिल्याच वर्षी गंमत झाली. तिकडे बर्फ कमी पडला तर यंत्रातून पाण्याचे बारीक फवारे उडवून बर्फ करतात. त्याला फ्रेंचमध्ये जे नाव आहे ते अप्पांनी शब्दकोशातून जसंच्या तसं उचललं आणि इंग्रजीत लिहिलं, लागवडीचा बर्फ. आईचा हात वर गेला.

"अहो, बर्फाची लागवड करतात?"

"मुळातच तसं आहे."

"बी पेरतात की रोपं लावतात?"

अप्पा चिडले. भाषेच्या बाबतीत कुणी शंका काढली की ते चिडायचेच, आणि शंका रास्त असली तर दुप्पट चिडायचे. पण हात वर होता, त्यामुळे मजकूर जाणार नव्हता. शेवटी त्यांनी तिकडच्या कार्यालयातल्या बाईंना विचारलं. बाईंनी यंत्राचा फोटोच पाठवला. ते तोफेसारखं दिसत होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव तोफ. इंग्रजीत योग्य तो शब्द गेला, पण फ्रेंचमधून इंग्रजीत जाणारी प्रत्येक वस्तू आमच्या अंगणातून जाताना एक मराठी नाव घेऊनच पुढे जायची.

दुसरा तसाच तो खेच्या. नवशिक्यांना चढावर नेण्यासाठी तिकडे एक दोरी फिरत असते, तिला दांडे लोंबत असतात आणि दांड्याच्या टोकाला थाळीएवढी चकती. अप्पांनी सगळं बिनचूक लिहिलं होतं. दांडा पकडा, चकती दोन पायांच्या मध्ये घ्या, पुढे चला. आईचा हात वर गेला.

"मी पडले."

"कशी काय पडलीस?"

"चकतीवर बसले ना. बसायलाच दिलीय असं वाटलं."

"बसायचं नसतं. ती नुसती मागून ओढते. आपण उभंच राहायचं."

"मग बसू नका म्हणून लिहा. माझ्यासारख्या सगळ्याच बसतील."

मुळात नसलेलं वाक्य घालणं म्हणजे अप्पांच्या लेखी चोरीच. जेवणं होईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात वाद घातला आणि मग मुकाट्याने लिहिलं, बसू नये. त्या थंडीत बाईंचं पत्र आलं. इतकी वर्षं इंग्रजी बोलणारे पाहुणे त्या चकतीवर बसायचे आणि धपाधप पडायचे. यंदा पडणारे फारच कमी झाले. आता तेच वाक्य आम्ही फ्रेंचमध्येही घातलं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि खाली होतं, तुम्ही दोघं एकदा या, कर्मचाऱ्यांच्या घरात एक खोली तुमच्यासाठी ठेवते.

आईने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "दोघं म्हणालीय," ती म्हणाली. त्या दिवसापासून त्या आमच्या डोंगरवाल्या बाई झाल्या.

आमंत्रण दर वर्षी यायचं. अप्पांचं उत्तरही ठरलेलं, पुढच्या वर्षी. एका वर्षी माझी परीक्षा होती. एका वर्षी कॉलेजात तपासणी होती. एका वर्षी गच्ची गळत होती, एका वर्षी काकांचं आजारपण निघालं, आणि एका वर्षी काहीच नव्हतं तर अप्पांनी घराला रंग द्यायचं काढलं. दुकानात 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी असते ना, तसं ते पुढचं वर्ष. पाटी रोज खरी, आणि तो उद्या काही उजाडत नाही.

आई भांडली नाही. तिने लोकरीचे हातमोजे विणले. आमच्या हवेत लोकर हातात धरली तरी घाम फुटतो, पण दुपारी पंख्याखाली बसून तिने दोन जोड पुरे केले आणि डांबराच्या गोळ्या घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवले. दर वर्षी मजकूर आला की ती मोजे उन्हात टाकायची आणि मजकूर गेला की परत आत ठेवायची. शेजारच्या काकू विचारायच्या, "कुणासाठी गं?" आई म्हणायची, "आहेत पाहुणे."

अप्पा का टाळतात हे मला फार उशिरा समजलं. आधी वाटायचं चिक्कू आहेत. मग वाटलं आळशी आहेत. पण डोंगरवाल्या बाईंनी एकदा फोन केला, लेखी पत्रातून जमेना म्हणून, तेव्हा अप्पांचा चेहरा मी पाहिला. वर्गात पोरांना उच्चारांवरून झोडपणारा माणूस फोन हातात धरून घाम पुसत होता. शेवटी त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि खुणेने सांगितलं, घसा बसलाय म्हण. घसा ठणठणीत होता. चहा झाल्यावर त्यांनी माझ्याच उच्चारांवरून मला ऐकवलं.

मजकूर यायचा तो मागच्या वर्षीचाच, बदल तेवढे लाल रंगात केलेले. सुरुवातीला लाल म्हणजे भर असायची. नवा पाळणा, नवी वाट, मुलांसाठी नवा उतार. पुढे पुढे लाल म्हणजे खोडलेल्या ओळी यायला लागल्या. हंगाम उशिरा सुरू होऊ लागला आणि लवकर संपू लागला. तोफा वाढल्या. मग एका वर्षी शिखराची खुर्चीच गेली, म्हणजे अगदी वर नेणारा पाळणा. वरून खाली येणारे उतार उघडे पडत होते, दगड लागत होते, असं कारण होतं. आई तेव्हा मधल्या ठाण्यावरूनच निघाली आणि फार लवकर खाली आली. "एवढंच?" ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "तात्पुरतं असेल." आई नेहमी निळ्या उतारानेच यायची. हिरवा नवशिक्यांचा, लाल आणि काळा धाडसी लोकांचा. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर हिरव्यावर जाणं तिला कमीपणाचं वाटायचं, आणि आता निळाही अर्धाच उरला होता.

गेल्या वर्षी आईचा गुडघा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, चालतीफिरती आहात तोवर काय हिंडायचं ते हिंडून घ्या. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली नाही. थेट अप्पांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"यंदा नाही तर राहिलंच," ती म्हणाली.

एवढंच. अप्पांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "यंदा जाऊ." मी स्वतःला चिमटा काढून पाहिला, इतका माझा विश्वास बसला नाही. पण पासपोर्ट निघाले. फोटोत दोघंही चोरी केल्यासारखे दिसत होते. व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी यायला लागल्या. त्यांनी आईच्या घोट्याला वाळूची पिशवी बांधून दिली. खुर्चीत बसायचं आणि पाय हळूहळू वर उचलायचा, धरायचा, खाली सोडायचा. ताई म्हणाल्या, रोज करा, जिने चढाल. आई म्हणाली, "मला उतरायचंय." भाजी निवडताना, फोनवर बोलताना, टीव्ही बघताना तिचा पाय वर जात होता आणि खाली येत होता. दोन महिन्यांत ती कठड्याला हात न लावता जिना उतरायला लागली.

आणि मग मजकूर आला. मी उघडला. लाल काहीच नव्हतं. सगळा मजकूर नवा, जेमतेम एक पान. मला फ्रेंच येतं ते अप्पांच्या मारून मुटकून शिकवण्याने, पण पहिली ओळ वाचायला तेवढं पुरलं. मी अप्पांना हाक मारली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

डोंगर बंद झाला होता. या वर्षापुरता नाही. बर्फ पुरेसा पडत नाही आणि तोफा परवडत नाहीत, म्हणून गावाने ठरवलं होतं. पाळणे उतरवायला घेतले होते. ही सूचना इंग्रजीत करून हवी होती. खाली डोंगरवाल्या बाईंच्या दोन ओळी होत्या. तुम्ही येणार होता, मला फार वाईट वाटतं. खोली बघायला या म्हटलं असतं, पण ते घरही आता रिकामं करायचं आहे.

"आईला सांगा," मी म्हटलं.

"सांगतो. आधी काम होऊ दे."

"अप्पा, ती तिकडे पाय उचलतेय."

"दिसतंय मला," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे बोलवेना. राग आला होता, तो गिळून मी माझ्या कामाला लागले.

एका पानाला त्यांनी दोन दिवस लावले. जेवणाचं ताट वाढलेलं असायचं, आमटीवर साय धरायची, पण हे टेबलावरून उठत नसत. आई दोनदा येऊन उभी राहिली आणि परत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला सांगितलं, "सगळ्यात पहिल्या वर्षीचा मजकूर काढून दे. इंग्रजी."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी काढून दिला.

आई वेताच्या खुर्चीत बसली. घोट्याला पिशवी बांधलेली होतीच. मोजे तिने सकाळीच खिडकीत उन्हाला टाकले होते. तिने डोळे मिटले आणि अप्पा वाचायला लागले. एरवी ते भराभर वाचायचे, काम उरकल्यासारखं. त्या दिवशी त्यांनी वर्गातला आवाज काढला, कविता शिकवतानाचा. तिकिटाची खिडकी आली, खेच्या आला, मधलं ठाणं आलं. आणि मग त्यांनी वाचलं, इथून शिखराची खुर्ची घ्या.

आईच्या कपाळावर आठी पडली. डोळे तिने उघडले नाहीत.

"ती काढली होती ना?"

"परत सुरू केलीय."

मी संगणकाच्या पडद्याकडे बघत बसले. आई खुर्चीत मागे सरकून नीट बसली, पाळण्यात बसतात तशी, आणि तिचा पिशवीचा पाय जमिनीवरून किंचित उचलला गेला.

"चला," ती म्हणाली.

अप्पांनी तिला पार वर नेलं. आडवा दांडा उचला, डावीकडे वळा. इथे रुंद सपाटी आहे, इथून तळं दिसतं. आता निळे खांब धरून खाली या. प्रत्येक वळणाला ते थांबत होते, तिला वळायला वेळ मिळावा म्हणून. झाडी आली. झाडी संपल्यावर अरुंद पूल आला, पुलावर थांबा, समोरच्याला वाट द्या. तिथे त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी खाकरल्यासारखं केलं आणि पुढे नेलं. सूप मिळणारी झोपडी, शेवटचा सौम्य उतार, तिकिटाची खिडकी. इतका लांबचा उतार आई कितीतरी वर्षांत उतरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ती हसत होती.

"पोचले," ती म्हणाली.

सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

"छान होता," आई म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. "पहिल्या वर्षीचा ना हा? पुलावर थांबा तेव्हाच होतं. पुढे पूल रुंद केला, तुम्ही ती ओळ काढलीत. मीच हात वर केला होता."

अप्पांनी हातातले कागद बाजूला ठेवले.

"आता यंदाचं वाचा."

"यंदाचं अजून व्हायचंय."

"झालंय. जेवण गार होईपर्यंत एका पानावर बसलात ते कशासाठी, मला कळत नाही का? दर वर्षी उतार थोडा थोडा कमी व्हायचा. उतरत मी होते हो, तुम्ही नाही. वाचा."

अप्पांनी घडी घातलेला कागद खिशातून काढला. खिशात होता तो, दोन दिवस. त्यांनी वाचलं. बर्फाच्या अभावी हे ठिकाण कायमचं बंद करण्यात येत आहे. आईचा हात वर गेला.

"कायमचं म्हणजे?"

"फ्रेंचमध्ये तसंच आहे."

"म्हणजे पुढच्या वर्षीही नाही?"

"नाही," अप्पा म्हणाले.

आईने हात खाली घेतला. अप्पांनी पुढचं वाचलं. पाळणे काढण्याचं काम सुरू आहे, कुणी त्या वाटांवर जाऊ नये. काढलेल्या खुर्च्या आठवण म्हणून देण्यात येतील, जुन्या पाहुण्यांनी कार्यालयाला कळवावं.

"त्यात आपण नाही," आई म्हणाली. "आपण पाहुणे कुठे."

अप्पांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि तळहाताने सपाट करत राहिले. कागद सपाटच होता.

"न्यायला हवं होतं तुला," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी. काही अडचण नव्हती. गच्ची काय, रंग काय, सगळं उगाच. मला भीती वाटायची. सगळा जन्म फ्रेंच शिकवलं, आणि तिथे जाऊन मी तोंड उघडलं आणि त्यांना एक अक्षर कळलं नाही तर? तुझ्यासमोर?"

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असणार. मला वाटलं आई चिडेल, आणि चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. इतक्या वर्षांचं काय ते एकदाच बाहेर पडू दे, मी ऐकायला तयार होते.

"माहीत होतं मला," आई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्हाला भीती वाटते असं सांगू तुम्हाला?" ती म्हणाली. "मला तर काहीच येत नव्हतं. मी कुठे बोलणार होते कुणाशी? दोघं मिळून गप्प उभे राहिलो असतो बर्फात. तेवढंच तर करायचं होतं."

अप्पा रडले. आवाज न करता, चष्मा हातात धरून, खाली मान घालून. आईने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती बसून राहिली आणि खिडकीतल्या मोज्यांकडे बघत राहिली. मला तिचा राग आला नाही, त्यांचाही आला नाही. नुसतं वाटलं की सगळं किती सोपं होतं. दोन तिकिटं आणि एक बॅग.

संध्याकाळपर्यंत सूचना पोचवायची होती. बाईंनी तशी विनंती केली होती, लोक चौकशा करत होते म्हणून. दिवे लागायच्या सुमाराला अप्पा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आई ओट्याशी कणीक मळत होती. घोट्याची पिशवी तिने सोडली होती आणि मागच्या दाराला लावली होती, वाऱ्याने आपटतं म्हणून.

"पाठवू का?" अप्पांनी विचारलं. तोंड उघडायच्या आधी ते थोडे थांबले होते.

आईने कणकेवरून हात फिरवला, गोळा झाकून ठेवला, हात धुतले, पुसले.

"पाठवा," ती म्हणाली. "लोकांची खोटी व्हायला नको. पण पोचले असं मी काही म्हणणार नाही."

अप्पा तिथेच उभे राहिले, आणखी काही येईल म्हणून. काही आलं नाही. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघत मान हलवली आणि मी बटण दाबलं.